८२ अंशांचं मेण आणि ७६ अंशांचं बॉनेट!

अहो, गाडीला मेण लावतात!

लावतात हे तसं माहीत होतं. गाडी धुवायला मघसल्यात नेली की तिथला मुलगा फडका पिळता पिळता "शमा?", म्हणजे मेण लावू का, असं विचारतो, आपण घड्याळाकडे बघत "नको नको" म्हणतो आणि विषय संपतो. पण ते मेण येतं कुठून, गाडीवर बसून ते करतं काय, आणि दुकानात त्याच्याच शेजारी, तशाच डब्यात 'सीलंट' म्हणून जे ठेवलेलं असतं ते काय असतं, हे मला आत्ता आत्ता कळलंय आणि कळल्यापासून माझा पाय जागेवर ठरत नाहीये! घरात ज्याला त्याला सांगून झालं. फोनवर सांगून झालं. आता तुम्ही सापडलात!

आधीच सांगते, मी यातली तज्ज्ञ नाही. इंजिनाचं मला काही कळत नाही. मी अल-खोबरला राहते, २४ जून २०१८ला सौदीत बायकांना गाडी चालवायची मोकळीक मिळाली तेव्हापासून स्टिअरिंगच्या मागे बसण्याचं स्वप्न बघत होते, आणि आता माझ्या नावावर एक गडद निळी गाडी आहे. तिचा रंग मला फार आवडतो. तो टिकावा एवढंच मला हवंय. तेव्हा जे विचारून, वाचून आणि हाताने करून कळलं तेवढंच सांगते. चला! हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा, कमरेचा पट्टाही काढा. रंगावर ओरखडा उठायला एक बक्कल पुरतं!

सुरुवात झाली थुक्ब्याच्या सनाइयात. सनाइया म्हणजे गॅरेजांची वसाहत. वेल्डिंगच्या ठिणग्या, टायरांचे ढीग, पत्रा ठोकण्याचे आवाज. तिथे गाड्यांना पॉलिश करणारे एक चाचा आहेत, राजापूरकडचे. उभं आयुष्य आखातात गेलं, पण बोलणं अजून कोकणातलंच. मी फक्त एवढंच विचारायला गेले होते की चाचा, मेण बरं की सीलंट? त्यांनी उत्तरच दिलं नाही! खणातून एक पातळ प्लास्टिकची पिशवी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाय, ही हाताला घाल. आणि फिरव दारावरून."

गाडी नुकतीच धुतलेली होती. चकचकीत होती. नुसत्या तळव्याला गुळगुळीत लागत होती. पिशवी घालून हात फिरवला आणि खर्रर! दारभर खर्रर! बारीक बारीक कण, शेकडो, सगळे रंगात रुतून बसलेले! मी पिशवी काढून पाहिलं, काही नाही. परत घातली, खर्रर! कातडी आणि रंग यांच्यातलं घर्षण पिशवीने कमी होतं आणि मग बोटांना फक्त उंचवटे तेवढे जाणवतात. तुमच्याकडे घरात पिशवी आहे ना? गाडीही आहे? मग वाचणं थांबवा आणि जाऊन या. खरंच जाऊन या, मी थांबते!

आलात? घाबरलात ना?

ते कण म्हणजे ब्रेक घासून उडालेली लोखंडाची भुकटी, रस्त्यावरच्या डांबराचे ठिपके, आणि आमच्याकडे समुद्र एका हाकेवर असल्यामुळे मीठ धरलेली धूळ. चाचांनी एक फवारा मारला. पाण्यासारखं बिनरंगी द्रव. आणि मग बघता बघता त्याचे जांभळे ओघळ सुरू झाले! निळ्या दारावरून जांभळे ओघळ! त्यातलं रसायन लोखंडाला भेटलं की रंग बदलतं आणि लोखंड सुटं करून घेऊन येतं. आणि मग त्यांनी क्ले नावाचा मऊ गोळा काढला, साबणाचं पाणी शिंपडत तो दारावरून अलगद सरकवत नेला, आणि उलटा करून दाखवला तर तळाला तपकिरी थर! माझ्या धुतलेल्या गाडीतून! आणि मग पुन्हा पिशवी घातली, हात फिरवला, आणि हात नुसता निसटला. आवाज नाही. काही म्हणजे काही नाही! मी दार सोडेना. चाचा हसायला लागले.

"आता विचार," म्हणाले. "आता मेण की सीलंट ते विचार. घाणीवर काय लावणार?"

त्याच दिवशी अंधार पडल्यावर त्यांनी मला अजून एक गोष्ट बघायला सांगितली आणि ती तर कमाल आहे. पेट्रोल पंपावर गाडी उभी करायची, वरच्या दिव्याचं प्रतिबिंब बॉनेटमध्ये बघायचं. दिव्याभोवती कोळिष्टकासारखी गोल गोल बारीक रेघांची जाळी दिसते. मला वाटलं कोणीतरी गोल गोल फडका मारून ठेवलाय. तर नाही! ओरखडे सगळ्या दिशांना वेडेवाकडे असतात. त्यांतले जे दिव्याभोवतीच्या वर्तुळात आडवे येतात तेवढेच डोळ्याकडे उजेड फेकतात, म्हणून ते गोल दिसतात. मान हलवली की गोलही हलतात! मी मान डावीकडे, गोल डावीकडे. मान उजवीकडे, गोल उजवीकडे. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

हे ओरखडे वाळूचे. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७वर असतं, पोलादी सुरीपेक्षाही कठीण. आणि गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअरकोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस त्याहून जाड असतो! एवढ्याशा थरावर गाडीची सगळी लकाकी उभी आहे, आणि आपण सकाळी ऑफिसला जायच्या घाईत कोरड्या फडक्याने त्याच्यावरून वाळू ओढतो. जून-जुलैत शमालचे वारे सुटतात, इराककडून धूळ घेऊन येतात, आकाश पिवळं होतं आणि पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या एका रंगाच्या होतात. त्या दिवसांत फडका हातात धरायचाच नाही. आधी पाणी, भरपूर पाणी, मग साबण, मग मऊ मायक्रोफायबर. बास!

आता मेण! या, बसा, हे फार सुंदर आहे.

गाडीच्या मेणाचा राजा म्हणजे कार्नोबा. तो एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर येतो आणि ते झाड वाढतं ब्राझीलच्या ईशान्येला, सिआरा आणि पिआवी या कोरड्या राज्यांत. पाऊस नाही, ऊन रणरणतं, आणि मग ते झाड स्वतःच्या पानांवर मेणाचा थर चढवतं, का, तर आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून! झाड स्वतःला सीलबंद करतं! मी हे वाचलं आणि खिडकीतून खाली बघितलं. रस्त्याच्या मधोमध खजुरीची रांग उभी होती. सौदीच्या राजचिन्हात तलवारींच्या वर असते तीच खजुरी. आमच्यापासून दीड-दोन तासांवर अल-अहसाचं मरूद्यान आहे, तिथे लाखो खजुरी आहेत, २०१८मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. खजुरीच्या पानांवरही मेणाचा हात फिरलेला असतो, फक्त कार्नोबाइतका जाड नाही. म्हणजे उन्हाशी कसं वागायचं ते या झाडांनी केव्हाच ठरवलंय, आणि आपण ते खरवडून डब्यात भरतो!

खरवडून म्हणजे अगदी तसंच. पानं तोडतात, उन्हात वाळवतात, झोडपतात, पांढरी भुकटी पडते, ती वितळवून गाळतात. कोवळ्या, न उमललेल्या पानांचं मेण सगळ्यात फिकट पिवळं आणि सगळ्यात महाग. आणि हेच मेण, बसलात ना नीट, हेच मेण रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांवर असतं! औषधाच्या गोळ्यांवर असतं! पाकिटावर ई-९०३ लिहिलेलं असतं ते हेच! मी बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणलेली पाकिटं ओट्यावर ओळीने मांडून वाचत बसले होते. सापडलं की ओरडायचं.

आणि मग त्या विमानाची गोष्ट! १९३५ साली अमेरिकेतल्या रसीन गावचा एच. एफ. जॉन्सन, ज्याच्या घराण्याचा फरशीच्या मेणाचा मोठा कारखाना होता, तो पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं सिकोर्स्की विमान घेऊन थेट ब्राझीलमधल्या फोर्तालेझाला गेला. कशाला? तर ही झाडं पुरतील ना, मेण मिळत राहील ना, ते बघायला! विमानाचं नावही 'कार्नोबा' ठेवलं होतं! आणि त्याच्या मुलाने १९९८मध्ये तसंच विमान नव्याने बांधून घेऊन तोच प्रवास पुन्हा केला. मेणापायी!

(एक गोष्ट मात्र मन खाते. ही पानं तोडणाऱ्या मजुरांचे हाल २०१७मध्ये जर्मन दूरचित्रवाणीने दाखवले होते. उघड्यावर झोपणं, प्यायला धड पाणी नाही. डबा घेताना आता मी कंपनी याबद्दल काही सांगते का ते शोधते. तुम्हीही शोधा.)

आता आकडे. घाबरू नका, दोनच आहेत. कार्नोबा वितळतो ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला. नैसर्गिक मेणांमध्ये एवढा वरचा आकडा क्वचितच. मधमाशीचं मेण बिचारं ६२-६४लाच पाणी होतं. मग मला वाटलं, संपलं की! ८२ म्हणजे भरपूर झालं! गाडी काय ८२ अंश तापणार आहे का?

आणि मग मी जुलैत दुपारी, नवऱ्याची प्लांटमधली तापमान मोजायची बंदूक घेऊन पार्किंगमध्ये गेले. लांबून नेम धरायचा, चाप दाबायचा, आकडा येतो. पांढऱ्या गाडीचं बॉनेट, पन्नाशीत. चंदेरी, साठीत. माझी निळी, ७६! शहात्तर!! सावलीत उभी राहून मी पुन्हा पुन्हा चाप दाबत होते. वॉचमन बाहेर आला. मी त्याच्याही हातात बंदूक दिली. तो पांढरीवर, मी निळीवर, आणि मग निळीवरून पांढरीवर, आणि दोघेही "या सलाम, या सलाम!"

७६ आणि ८२. सहा अंश शिल्लक. ठीक आहे ना? नाही! इथेच खरी गंमत आहे! डब्यातलं मेण नुसतं कार्नोबा नसतंच. शुद्ध कार्नोबा इतका टणक असतो की तो बोटाने पसरवताच येत नाही. म्हणून त्यात तेलं घालतात, मऊ मेणं घालतात, उडून जाणारे द्रावक घालतात, तेव्हा कुठे तो डब्यातून स्पंजावर येतो. आणि मग ते मिश्रण ८२ची वाट कशाला बघेल? ते आधीच मऊ पडतं. मऊ मेणावर आमच्याकडची धूळ येऊन बसते ती बसतेच. पुण्यात, नाशकात जे मेण दीड-दोन महिने आरामात राहील ते इथे जुलैत काही आठवड्यांत दम तोडतं.

म्हणून सीलंट. आणि सीलंटची गोष्ट ऐकून तर मी खुर्चीवरून उठलेच!

माझा चुलतभाऊ जुबैलला असतो, रसायनीच्या कारखान्यातून इकडे आलेला. जुबैल म्हणजे १९७५पासून वाळूत उभं केलेलं औद्योगिक शहर, जिकडे बघाल तिकडे चिमण्या आणि पाइप. त्याला फोन लावला. म्हटलं, "दादा, सीलंट म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "पॉलिमर. लांब लांब साखळ्या. बाटलीत सुट्या असतात, रंगावर पसरल्या की एकमेकींत गुंफल्या जातात. बऱ्याच सीलंटमध्ये सिलिकोन असतं, त्याच्या साखळीला मध्ये मध्ये अमाइनचे हात जोडलेले असतात, ते हात रंगाला धरून ठेवतात."

म्हटलं, "आणि सिलिकोन कशाचं करतात?"

तो म्हणाला, "वाळूचं."

वाळूचं!! मी दोनदा विचारलं. वाळूचं! वाळूतलं क्वार्ट्झ भट्टीत घालून त्यातून सिलिकॉन काढतात, त्याची भुकटी करून तांब्याच्या संगतीत, तीनशे अंशांच्या आसपास, मिथाइल क्लोराइड वायूबरोबर तापवतात, आणि तिथून पुढे पायरी पायरीने सिलिकोन बनतं. १९४० साली अमेरिकेत यूजीन रोकाव याने ही वाट शोधली, आणि त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड म्युलरनेही, एकमेकांचा पत्ता नसताना! वाळूच्या कणात सिलिकॉन-ऑक्सिजन, सिलिकॉन-ऑक्सिजन अशी जी जोडणी असते, तीच जोडणी सिलिकोनच्या साखळीचा कणा असते. म्हणजे जी वाळू माझ्या गाडीला ओरबाडते तिचाच कणा घेऊन माझी गाडी वाचवायची! आणि मिथाइलचा भाग तेल-वायूकडून येणार, आणि तेल कुठलं, तर १९३८च्या मार्चमध्ये इथल्याच 'दम्माम सात नंबर' नावाच्या विहिरीतून सौदीचं पहिलं भरघोस तेल निघालं, धाहरानच्या टेकडीवर, माझ्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर! दादा म्हणाला, "तुझ्या बाटलीतलं सगळं काही इथलंच असेल असं नाही गं." माहितेय मला! पण असू शकतं ना!

ही गुंफलेली साखळी आमच्याकडच्या उन्हाने वितळत नाही. ७६ काय, त्याहून वरही ती जागची हलत नाही. म्हणून चांगलं सीलंट काही महिने टिकतं, जिथे मेण काही आठवडे टिकतं. फक्त तिला गुंफायला वेळ द्यावा लागतो. लावल्यावर निदान रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस, पाणी लागू द्यायचं नाही. मेंदीसारखं आहे हो! काढली, सुकली, तरी रंग चढेपर्यंत हात धुवायचा नाही. आणि अजून ऐका, काही सीलंटना गुंफायला हवेतलं बाष्प लागतं. बाष्प! आम्हाला! धाहरानला ८ जुलै २००३ला दवबिंदू ३५ अंशांवर गेला होता, जगात नोंदवलेल्या सर्वांत वरच्या आकड्यांमध्ये तो मोजतात. ज्या दमटपणाला आम्ही सगळे वैतागतो तो कोणाच्या तरी उपयोगी पडतोय!

तरी माझा विश्वास बसेना. म्हणून मी प्रयोग केला. करायलाच हवा होता! बॉनेटच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावली. डावीकडे कार्नोबाचं मेण, उजवीकडे सीलंट. तळघरातल्या पार्किंगमध्ये, रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर, पत्रा हाताला गार लागायला लागल्यावर. डबा उघडला आणि काय वास! नारळ आणि रॉकेल यांच्या मधला काहीतरी. स्पंजाला अगदी नखाएवढं घ्यायचं, पातळ पसरवायचं. जाड थर लावला म्हणजे जास्त टिकतो असं अजिबात नाही, जास्तीचं सगळं फडक्यावरच येतं. थोड्या वेळाने धूसर होतं, बोट फिरवून बघायचं, बोटाखाली स्वच्छ निघालं की झालं, मग पुसायचं. सीलंटचा धूसरपणा वेगळा, कोरडा, पावडरीसारखा, फडका फिरवला की भुर्रकन जातो.

पहिल्या रात्री मी मेणाच्या बाजूला होते. सांगायलाच हवं! डावी बाजू ओली दिसत होती, खोल, निळ्यात अजून एक निळा. उजवी बाजू काचेसारखी लख्ख, कडक, ट्यूबलाइटची कड धारदार दिसत होती, पण ती खोली नाही. मी मुलीला खाली बोलावून विचारलं, कुठली आवडली? तिने डावीकडे बोट दाखवलं. पाणी शिंपडलं तर दोन्हीकडे गोल टपोरे थेंब, गाडीचं दार लावलं की सगळे एकदम थरथरले. पुन्हा दार उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा थरथरले!

आणि मग ऊन कामाला लागलं.

धूळ बसली, धुतली, बसली, धुतली. थोड्याच आठवड्यांत डाव्या बाजूला पाणी ओतलं की ते आडवं पसरायचं, ढब्ब पडून राहायचं. उजवीकडे तेच पाणी अजून पळत होतं! चिकटपट्टी केव्हाच काढलेली, तरी मधली रेघ पाण्याने स्वतः काढून दाखवली! सरळ! इकडे आडवं पाणी, तिकडे पळणारं पाणी! मी त्याचा व्हिडिओ चाचांना पाठवला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं: "बग!"

थेंबांबद्दल एक सांगायचं राहिलं. सगळे व्हिडिओ थेंबांचेच असतात आणि मीही त्यांच्या प्रेमात आहे, पण आमच्या किनाऱ्यावर थेंब उभा राहणं चांगलं नाही. पाऊस इथे नावालाच. पाणी येतं ते पहाटेच्या दवातून. ऑगस्ट-सप्टेंबरात पहाटे गाडी धुतल्यासारखी निथळत असते, त्या थेंबात रात्रीची धूळ आणि मीठ विरघळतं, आणि सात वाजता ऊन लागलं की पाणी उडतं आणि क्षाराचं गोल वळं मागे राहतं. प्रत्येक थेंबाचं एक वळं! त्यापेक्षा ज्यावरून पाणी सलग ओघळून जातं ते सीलंट इथे जास्त कामाचं. आणि धुऊन झाल्यावर गाडी उन्हात सुकायला सोडायची नाही, मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून टिपून घ्यायची. मी तर शेवटचं पाणी पिण्याच्या बाटलीतलं घेते. नवरा काही बोलत नाही, नुसता बघतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की मग मेण टाकून द्यावं. मुळीच नाही! मला विचाराल तर दोन्ही, पण आधी सीलंट, वर मेण. उलटं चालत नाही, कारण सीलंटला नुसता, स्वच्छ रंग लागतो. खाली मेणाचं तेल असलं की त्याचे हात धरणार कशाला? म्हणून सीलंटच्या आधी फार्मसीतलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पुसून घ्यायचं. एप्रिल ते ऑक्टोबर नुसतं सीलंट. आणि मग थंडीचे महिने मेणाचे! गाडी पांढरी किंवा चंदेरी असेल तर मेण नाही लावलं तरी फारसं बिघडत नाही, तिला सीलंटचा लख्खपणाच शोभतो. पण निळी, काळी, लाल, बाटलीहिरवी असेल तर एकदा लावून बघाच! सिरॅमिक कोटिंगवालेही आहेत, ते वर्षांच्या गोष्टी करतात आणि हजारो रियाल घेतात. असेल. मला अजून हातानेच लावायचंय.

आणि हो, यातलं काहीच ऊन अडवत नाही! हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, अतिनील किरणं रोखायचं काम मुख्यतः क्लिअरकोटचं आहे. इथल्या जुन्या गाड्यांची छपरं बघा, पापुद्रे सुटून पांढरे चट्टे पडलेले असतात. एकदा क्लिअरकोट गेला की त्यावर कितीही मेण चोळा, नवा रंगच मारावा लागतो. म्हणून सावली शोधा. मॉलमध्ये दारापासून लांबचा कोपरा घ्या, पण छताखालचा घ्या. कबुतराची घाण दिसली की ओला फडका त्यावर पाच मिनिटं ठेवून मगच उचला, घासू नका, आणि संध्याकाळपर्यंत थांबू नका, तापलेल्या रंगावर ती खाली खड्डा पाडते.

ऑगस्टच्या शेवटी इथले लोक सुहैल ताऱ्याची वाट बघतात. साधारण २४ तारखेच्या आसपास पहाटे तो दक्षिणेला दिसायला लागला की उन्हाळ्याचा जोर ओसरणार म्हणून एकमेकांना कळवतात. सुहैल म्हणजे आपला अगस्तीच. यंदा माझंही तिकडे लक्ष आहे, कारण तो दिसला की साधारण दोन महिन्यांत पत्रा पन्नाशीच्या खाली येईल आणि मेणाचा डबा उघडता येईल. या वेळी डावं मडगार्ड कार्नोबाला, उजवं मधमाशीच्या मेणाचं प्रमाण जास्त असलेल्या डब्याला, आणि चाचा म्हणतात तसं छपराला दोघांचाही एकेक हात. तुम्ही खोबर-दम्मामकडे असाल तर गुरुवारी रात्री तळघरात या. फडके धुऊन ठेवलेत, स्पंज जास्तीचा आहे. पिशवी तेवढी तुमची तुम्ही आणा!